भाऊजी चोपडं बोलायला शिकले

आमच्या भागात एखाद्याला ‘चोपडा’ म्हटलं तर तो भांडायला उठत नाही. जरा खूशच होतो. मला तर लोक तोंडावर म्हणतात आणि मी मान लववून ते घेतो, नाटक संपल्यावर टाळ्या घ्याव्यात तसं.

चोपडं म्हणजे तेल लावलेलं, गुळगुळीत, हात ठेवला की सरकणारं. वैनगंगेतला मागूर मासा कधी हातात धरून पाहिला असेल तर वेगळं सांगायला नको. चोपडं बोलणंही तसंच. ऐकताना बरं वाटतं, आणि घरी जाऊन मूठ उघडावी तर आत काही नसतं. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर जीपवाला म्हणतो, “बसा काकाजी, निघालोच समजा,” आणि जीपमध्ये तुम्ही एकटे. हे चोपडं. मोहर्लीच्या गेटवर माझ्या ओळखीचा एक गाइड आहे. सकाळभर जंगलात फिरून ज्यांना वाघाचं शेपूटही दिसलं नाही, त्या पाहुण्यांना तो उतरताना सांगतो, “तुम्ही वाघ नाई पाह्यला साहेब, पण त्यानं तुम्हाले पाह्यलं.” पाहुणे छाती फुगवून परत जातात. हेही चोपडं, आणि माझ्या मते वरच्या दर्जाचं.

पुण्याकडचे लोक म्हणतात, म्हणजे गोडबोल्या. मला ते पटत नाही. गोडबोल्याला तुमच्याकडून काहीतरी हवं असतं. चोपड्याला दरवेळी हवं असतंच असं नाही. पुष्कळदा त्याला एवढंच वाटत असतं की कुठे काही खरखरू नये. हा फरक मी फार उशिरा शिकलो, आणि ज्यांच्याकडून शिकलो त्यांना आयुष्यभर चोपडं बोलता आलं नाही.

मी पोटासाठी बोलतो. धान कापून झालं की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, मंडईला नाटक लागतं, आणि पडदा वर जायच्या आधी माइकवर जो आवाज घुमतो तो माझा. नाटकातही मी असतोच. घर फोडणारा गोड मामा असेल तर ती भूमिका मलाच देतात, वेगळा मेकअप लागत नाही म्हणतात. शंकरपटात बैलजोड्या सुटल्या की त्यांचं वर्णन मी करतो आणि हरलेल्या जोडीलाही असं काही सांगतो की मालक फेटा सावरत परत जातो. उन्हाळ्यात लग्नं. आणि बाराही महिने घाट.

घाटाचं सांगायला हवं. आमच्याकडे चिता पेटली की लोक लगेच पांगत नाहीत. बाजूच्या झाडाखाली सावलीत उभे राहतात आणि कोणीतरी म्हणतो, चला, शोकसभा सुरू करू. मग एकेक जण पुढे येऊन गेलेल्या माणसाबद्दल बोलतो. या सभेत आजवर एकही वाईट माणूस मेलेला नाही. सगळे मनमिळाऊ. सगळे दिलदार. ज्यानं जन्मभर कोणाला चहा पाजला नाही तोही ‘अतिथीला देव मानणारा’ होऊन जातो. मला तर मयताच्या घरून आधीच निरोप येतो, तुम्ही बोलालच ना म्हणून. मी बोलतो. बायाबापड्या घरी रडतात, पुरुष माझ्यापाशी घाटावर रडतात.

एकदा अशाच एका सभेत मी एका शेतकऱ्याबद्दल अगदी रंगात येऊन बोलत होतो. ‘शेजारधर्म काय असतो ते यांच्याकडून शिकावं,’ असं म्हणून मी जरा थांबलो, लोकांना डोळे पुसायला वेळ मिळावा म्हणून. तेवढ्या शांततेत मागून आवाज आला, “माया धुरा कोरला त्यानं. दरसाल वीतवीत.”

ते भाऊजी. माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. मयत त्यांच्याच शेजारचा, आणि दोघांच्या धानाच्या बांध्यांमध्ये जो धुरा, म्हणजे बांध होता, तो दरवर्षी भाऊजींकडे सरकत होता हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण घाटावर ते कोणी म्हणतं का? भाऊजी म्हणाले. वाटेत मी त्यांना गाठलं.

“भाऊजी, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का?”

“जिता होता तवाबी बोललो होतो. मेला म्हणून धुरा वापस आला का?”

“अहो, घरच्यांना बरं वाटतं जरा.”

“तुये काम आहे ते, चोपड्या. तू कर. मी मरीन त मायावर असं काई बोलशीन नोको. तिरडीवरून उठीन मी.”

साळ्या-भाटव्याचं, म्हणजे मेहुणा-भाऊजींचं नातं असल्यानं आम्ही एकमेकांना काहीही बोलू शकत होतो. मी म्हणालो, “उठा की. तेवढीच माझ्या भाषणाला दाद.” ते हसले. खर्रा खाऊन काळपट झालेले दात दिसले. तेव्हा त्यांचं तोंड नीट उघडत होतं.

आता बहिणीचं. तिला आम्ही घरात सगळे बाई म्हणतो. तिला पाहायला भाऊजी आले तेव्हा मी ब्रह्मपुरीला कॉलेजात होतो आणि अशा प्रसंगी मधे मधे बोलायची मला फार हौस. पाहुणे बसले. मध्यस्थ दोन्हीकडून तेल ओतत होता. मुलाकडच्यांना म्हणे असं घर मिळायचं नाही, आमच्याकडच्यांना म्हणे असा मुलगा मिळायचा नाही. बाईनं पोहे आणून ठेवले. मध्यस्थानं घास घेतला आणि म्हणाला, “वा. मुलीच्या हाताला चव आहे.” मुलाचे काका म्हणाले, “वा.” मुलगा सावकाश चावत होता. आईनं कौतुक ऐकायला म्हणून त्याला विचारलं, “कसे झाले पोहे?”

“मीठ जास्त झालं,” मुलगा म्हणाला.

मध्यस्थाला ठसका लागला. आईचा चेहरा पडला. खरं म्हणजे मीठ दोनदा पडलं होतं, एकदा आईच्या हातून आणि एकदा बाईच्या. मीही ते पोहे खाल्ले होते आणि “मस्त” म्हणून मोकळा झालो होतो. पाहुणे गेल्यावर घरात एकच गलका झाला. एवढा उर्मट मुलगा नको, पहिल्याच भेटीत खोड काढतो, पुढे काय करील. बाई दाराला टेकून उभी होती. ती म्हणाली, “मले हाच पायजे.”

“काऊन?” आईनं विचारलं.

“बाकीचे सारे खारट पोहे खाऊन वा वा करून राह्यले होते. यानंच खरं सांगतलं. हा माणूस मले कधी फसवणार नाई.”

तिचं खरं झालं. तिची तक्रारही त्याच दिवशी जन्माला आली, ती पुढे वर्षानुवर्षं चालली. मी त्यांच्या घरी जेवायला बसलो की मुद्दाम काडी लावायचो.

“भाऊजी, भाजी कशी झाली?”

भाऊजी खाली मान घालून जेवत.

“पाह्यलं?” बाई म्हणायची. “जनमभर असंच. मीठ कमी पडलं त तोंड फुटते. चांगली झाली त मुक्याचं व्रत.”

“चूप जेवतो म्हणजे चांगलीच झाली ना,” भाऊजी म्हणत. “आता जेवू का भाषण देऊ? भाषणाले तुया भाऊ आहे.”

त्या घरात असाच हिशेब होता. गप्प राहणं म्हणजे शाबासकी. बाईला तो कळत होता, आवडतही होता, असं मला वाटतं. ती दुसऱ्या बायकांना सांगे, “आमच्या घरी कोणी वा वा करत नाई,” पण सांगताना तिचा आवाज दागिना दाखवणाऱ्या बाईसारखा असे.

खर्रा आमच्याकडे सगळेच खातात. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घासायचा आणि गालात ठेवायचा. भाऊजींच्या गालात तो सकाळी ठेवला की झोपताना निघायचा. आधी त्यांचं तोंड कमी उघडायला लागलं. भाकरीचा तुकडा लहान करून आत सरकवायचे. मग गालाच्या आत फोड आला, तो बरा होईना, त्याची गाठ झाली. आम्ही त्यांना नागपूरला नेलं. तिथे मशीनखाली झोपवून शेक दिला, दिवसांमागून दिवस. गाल बाहेरून काळा पडला, आतून सोलून निघाला. तरी ती गाठ जिथल्या तिथे.

शेवटच्या भेटीत डॉक्टरांनी आम्हा दोघांना खुर्चीवर बसवलं. बाई पाण्याची बाटली भरायला बाहेर गेली होती. डॉक्टर भला माणूस, पण तोही माझ्याच धंद्यातला निघाला. आपण प्रयत्न करतोय, शरीर कसं साथ देतं ते बघू, मन खंबीर ठेवा. मी ऐकता ऐकता मनात त्याला दाद देत होतो, इतकं ते सफाईनं चाललं होतं. भाऊजींनी हात वर करून त्याला थांबवलं. बोलताना त्यांची जीभ जड झाली होती, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं.

“साहेब, येवढंच सांगा. यंदाचा रोवणा मी करीन का?”

डॉक्टर शहरातले. मी सांगितलं, रोवणा म्हणजे धानाची लावणी, पाऊस लागल्यावर. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, “यंदा दुसऱ्या कोणाकडून करून घ्या.”

भाऊजींनी मान हलवली. समाधानानं म्हटलं तर चुकीचं होईल, पण मीठ जास्त आहे की कमी ते एकदाचं कळल्यावर माणूस जशी हलवील तशी.

बाई बाटली घेऊन आली. तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, “गोळ्या बदलून देल्या. बरं वाटीन म्हणे.” हे त्यांच्या आयुष्यातलं मी ऐकलेलं पहिलं खोटं. बाईनं ते तिथल्या तिथे खरं मानलं. का मानणार नाही? परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली, वाटेत तिनं संत्री घेतली, आणि रोवण्याला कोणत्या बायांना सांगायचं ते मला मोजून दाखवत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊजींनी मला घराच्या मागे बोलावलं. तिथे धानाच्या तणसाचा मोठा ढीग होता, त्याच्या सावलीत ते बाजेवर बसले होते.

“मले शिकव,” ते म्हणाले.

“काय शिकवू?”

“चोपडं बोलणं.”

मला हसू आलं. ते हसत नव्हते.

“काल बोललो ते चाललं,” ते म्हणाले. “पण रोज रोज चालवाचं आहे. मले जमत नाई ते. ती मायाकडे पाह्यते अन् समजते. तुया बाईले शेवटलोक समजू देवाचं नाई. रोवणा होऊ दे तिचा. तिचा हात लागला म्हणजे धान येते.”

बाईला अंधारात ठेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. माझ्याकडे कित्येक जण बोलणं मागायला येतात, लग्नाचं, निवडणुकीचं, सत्काराचं. असं मागणं कोणी केलं नव्हतं. मी काय करणार? जे येत होतं ते केलं. दुपट्टा डोक्यावर घेतला, पदरासारखा, आणि तणसाच्या ढिगासमोर बाई होऊन उभा राहिलो.

“भाऊजी, पहिला धडा. मोठं खोटं एकदम बोलायचं नाही. आधी बारीकसारीक गोष्टीत गोड बोलायचं. माणसाला गोड ऐकायची सवय झाली की मोठं आपोआप गिळलं जातं. आता मी बाई. पेज आणली. काय म्हणाल?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मारक्या बैलाला दटावावं तशा आवाजात म्हणाले, “पेज चांगली झाली.”

“अहो, असं नाही. हे तर फौजदारी केल्यासारखं वाटतं. जरा हळू. आणि वर पाहून.”

“पेज,” ते आभाळाकडे पाहून म्हणाले, “चांगली झाली.”

“आभाळाकडे नाही, बाईकडे.”

त्यांनी माझ्या दुपट्ट्याकडे, माझ्या मिशांकडे पाहिलं, आणि त्यांना हसू फुटलं. मलाही. आम्ही दोघं त्या ढिगामागे असे हसलो की बांधलेली गाय वळून पाहायला लागली. हसता हसता त्यांनी गाल धरला. हसण्यानंही तिथे कळ जात होती. तरी ते हसणं थांबेना, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्यातलं हसण्याचं कुठलं नि दुखण्याचं कुठलं ते मी विचारलं नाही.

निघताना मी त्यांना पुन्हा बजावलं, सुरुवात जेवणापासून करा. एवढा मोठा उस्ताद मी, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही की त्या घरात जेवणाला चांगलं म्हणणं ही बारीकसारीक गोष्ट नव्हतीच.

काही दिवसांनी मी पुन्हा गेलो तर बाईनं मला अंगणातच अडवलं. हातपंपावर बादली लावली आणि पंपाचा दांडा मारता मारता, आवाज त्यात बुडेल अशा बेतानं बोलायला लागली.

“तुया भाऊजीले काय झालं?”

“काय झालं?”

“पेज देली त म्हणते, चांगली झाली.”

“मग चांगलं आहे की.”

“चांगलं?” तिनं दांडा सोडला. “इतली वर्सं झाली, या माणसानं मले कधी म्हटलं नाई. पोरगी झाली तवा नाई म्हटलं, घर बांधलं तवा नाई म्हटलं. आता रोज म्हणते. दोन वेळा म्हणते. चहाले म्हणते, पेजेले म्हणते. परवा म्हणे, तू लय करून राह्यली मायासाठी.” तिनं बादली पंपाखालून ओढली. “मले भेव वाटते रे.”

मी काहीतरी म्हणालो, आजारपणात माणूस हळवा होतो वगैरे.

“म्हणून मी पाह्यलं करून,” ती म्हणाली. “कालपासून पेजेत मीठच नाई घातलं. अळणी. चिमटीभरबी नाई. मीठ कमी झालं त ताट सरकवणारा माणूस तो. सारी पेज पेला, अन् म्हणते, आज त मस्तच झाली.” तिनं पदर तोंडाला लावला, लगेच काढला. “चोपडं बोलून राह्यला तो मायासंग. डॉक्टर काय म्हणला ते तू सांग.”

मी म्हणालो, “वेळ लागेल म्हणाले.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. “तुले काय विचारून राह्यली मी बी,” म्हणाली, आणि बादली उचलून आत गेली.

मी भाऊजींपाशी जाऊन बसलो. मनात म्हणत होतो, आता यांना कसं सांगू की पहिल्याच परीक्षेत तुम्ही पकडले गेलात. ते बाजेवर टेकून बसले होते आणि बऱ्याच दिवसांनी जरा ताजे दिसत होते. त्यांनीच हळूच विषय काढला.

“तुयी बाई हुशार आहे गा.”

“का, काय झालं?”

“मीठ सोडलं तिनं पेजेतलं. मिठानं तोंडात आग होत होती. डोळ्याले पाणी ये. तरी तू म्हटला म्हणून चांगली झाली, चांगली झाली करत होतो. मी सांगतलं नाई तिले. तिनं आपल्या मनानंच ओळखलं. काल पेज पेलो त थंड गेली आतमंदी. कितीक दिवसानं पोट भरलं.” थांबून म्हणाले, “मस्त झाली म्हटलं. ते काई तुया शिकवणीतलं नाई. ते खरंच म्हटलं.”

बाईनं मीठ काढलं होतं खोटं पकडायला. भाऊजींना त्यात तिची माया दिसली होती. आणि ज्या शब्दांवरून तिनं त्यांना खोटं ठरवलं, ते या साऱ्या दिवसांतले त्यांचे एकुलते एक खरे शब्द होते.

मी उठून सैपाकघरात गेलो. बाई चुलीपुढे बसली होती, पेज रटरटत होती. मी तिच्याजवळ बसून सगळं सांगितलं. मीठ तोंडाला झोंबतं. अळणी पेज त्यांना खरंच गोड लागली. तू ओळखलंस असं त्यांना वाटतं.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “चांगलं बोलतं तू. घाटावरबी असंच बोलतं म्हणे.”

“बाई, खरं सांगून राह्यलो.”

“तुले खरं बोललेलं मी कधी पाह्यलं नाई. कसं दिसते ते मले काय माहीत.”

रागानं नाही म्हणाली. दमून म्हणाली. मी तिथे बसून राहिलो. माझ्याकडे आवाज होता, हातवारे होते, थांबायचं कुठे आणि उचलायचं कुठे ते सगळं येत होतं. त्यातलं काहीही वापरलं तरी ते आणखी चोपडं झालं असतं. म्हणून मी गप्प बसलो. ती माझ्याकडे बघत होती. कदाचित मी गप्प बसलो हेच तिला विचित्र वाटलं असेल. तिनं पेज वाटीत ओतली, मिठाची बरणी दुसऱ्या हातात घेतली आणि बाहेर गेली. मी दारात थांबलो.

बाजेशी उभी राहून तिनं विचारलं, “मीठ घालू का?”

“नोको,” भाऊजी म्हणाले. “आग होते.”

जुना आवाज होता. खरखरीत, तेलाचा थेंब नाही. बाईचे खांदे एकदम खाली आले.

“मग सांगता येत नव्हतं?”

“तूच काढलं ना मीठ. म्हटलं समजलं तुले.”

ती बाजेच्या कडेवर बसली. बरणी मांडीत. पेजेची वाफ दोघांच्या मधे वर जात होती. मग तिनं तशाच साध्या आवाजात, मीठ घालू का विचारलं त्याच आवाजात, विचारलं, “डॉक्टर काय म्हणला?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात उभा राहून त्यांना खुणेनं काहीतरी सुचवू शकलो असतो. रंगमंचावर मी कित्येकांना विंगेतून वाक्यं पुरवली आहेत. मी जमिनीकडे पाहिलं.

“रोवणा दुसऱ्याकडून करून घ्या म्हणला,” भाऊजी म्हणाले.

बाई पेज ढवळत राहिली, निववत राहिली. मग चमचा त्यांच्या ओठाशी नेला. त्यांनी तोंड उघडेल तेवढं उघडलं. सगळी वाटी संपली. त्यांनी चांगली झाली म्हटलं नाही, तिनंही विचारलं नाही. दोघंही गप्प. त्या घरातली शाबासकी परत आली होती.

त्यानंतर भाऊजींनी चोपडं बोलणं सोडून दिलं. उशी टोचते म्हणून कुरकुरले, भेटायला येणाऱ्यांना “झालं पाहून, आता जा” म्हणाले. धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, वर आले तेव्हा बाईनं पुतण्याच्या मोटारसायकलवर त्यांना बांधीपर्यंत नेलं. रोपं हाताएवढी झाली होती. तिथे ते एवढंच बोलले, “दाट पडले.” बाईनं ते मला फोन करून सांगितलं, सांगताना हसत होती आणि मग फोन ठेवून दिला.

रोवण्याच्या आधी ते गेले.

घाटावर पुतण्यानं अग्नी दिला. वैनगंगेचं पाणी गढूळ झालं होतं. लोक झाडाखाली जमले आणि कोणीतरी म्हणालं, शोकसभा सुरू करू, आणि सगळे माझ्याकडे वळले. मी पुढे गेलो. समोर सगळा गाव. धुरा कोरणाऱ्या त्या शेजाऱ्याचा मुलगाही होता. मी चितेकडे पाहिलं. उठले असते तर मला चाललं असतं.

“ते धान पिकवत होते,” मी म्हणालो. “खर्रा खात होते, फार खात होते. मीठ जास्त झालं की सांगत होते. कमी झालं तरी सांगत होते.”

लोक थांबले. त्यांना वाटलं मी नेहमीसारखा दम घेतोय, आता खरं भाषण सुरू होईल. मी हात जोडले आणि मागे जाऊन उभा राहिलो. कोणी रडलं नाही. एक म्हातारा शेजारच्याला हळूच म्हणाला, “घरचं माणूस आहे, बोलवलं नाई गेलं त्याच्यानं.”

घरी आलो. कडुनिंबाचा पाला चावला, पाय धुतले. बाई भिंतीला टेकून बायकांमध्ये, सासरहून आलेल्या पोरीशेजारी बसली होती. मला जवळ बोलावलं.

“काय बोलला तू त्यायच्यावर?”

मी जसंच्या तसं सांगितलं.

“बस?”

“बस. त्यांनीच सांगितलं होतं, चोपडं बोलशील तर उठीन म्हणून.”

ती अंगणातल्या रिकाम्या बाजेकडे बघत राहिली.

“बोलाचं होतं ना मग जरासं,” ती म्हणाली.